हँडल आणि रिमोट

‘पॅड घेऊ की आर्केड स्टिक?’ असं हल्ली दुकानात येणारी पोरं विचारतात. स्ट्रीट फायटर सिक्स किंवा टेक्कन एट नुकताच घेतलेला असतो, ऑनलाइन भरपूर मार खाऊन झालेला असतो, आणि दोष आपल्या हाताचा नसून हातातल्या वस्तूचा निघावा अशी आशा असते. घाटकोपर पश्चिमेला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्हीचे रिमोट, गेमचे कंट्रोलर, झालंच तर मिक्सरसुद्धा. पोरांना काय घ्यायचं ते मी दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. पण या प्रश्नाची मला गंमत वाटते, कारण आमच्या वेळी असा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात घाटकोपरातल्या पोराचा हात दांड्यावर तयार होणार की बटणांवर, हे त्याचं घर कुठे आहे, खिशात सुट्टे किती आहेत आणि घरातला टीव्ही कोणाच्या ताब्यात आहे, यावर ठरून जायचं.

गेम पार्लरच्या मशीनवरच्या दांड्याला आम्ही हँडल म्हणायचो. घरच्या टीव्ही गेमच्या पॅडला रिमोट. त्याला हातभर वायर लोंबत असली तरी रिमोटच. घाटकोपरात दोन्हींची वस्ती होती. पूर्वेला गरोडिया नगर, टिळक रोडकडच्या फ्लॅटांत दिवाळीला, नाहीतर वाढदिवसाला रिमोट यायचा. पश्चिमेला भटवाडी, असल्फा, चिराग नगरच्या गल्ल्यांत हँडल होतं. अगदी कुंपण घातल्यासारखं नव्हे. पूर्वेची पोरं घरी खोटं सांगून पूल ओलांडायची, आणि आमच्या चाळीतही एकाकडे टीव्ही गेम होता. त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. पण साधारण हिशेब हाच.

पार्लर म्हणजे एखादा दहा बाय बाराचा गाळा. दाराला जाड पडदा, आत ट्यूबलाइट बहुधा बंदच, म्हणजे काचेवर उजेड पडत नाही आणि बाहेरून जाणाऱ्या काकांना आत कोण आहे ते दिसत नाही. चार-पाच मशीन भिंतीला लावलेली. जपानी मशीन फोटोत बघितली तर बसून खेळायची, चकचकीत. आमची प्लायवूडची, वर सनमायका, उभ्याने खेळायची. आत टीव्हीचीच पिक्चर ट्यूब, खाली पॉवर सप्लाय, आणि मधे खिळ्याला टांगलेला बोर्ड. सुताराने केलेलं खोकं, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले पार्ट आणि कुठून कुठून फिरत आलेला बोर्ड अशा तीन गोष्टी जुळल्या की मशीन तयार. एका रुपयाला एक कॉइन. आधीचा खेळत असेल तर आपलं कॉइन काचेच्या खालच्या पट्टीवर ठेवायचं, नंबर लागला. त्या पट्टीवरच्या कॉइनला हात लावायची कोणाची टाप नसे.

मारामारीच्या गेमांची खरी सुरुवात कॅपकॉमच्या स्ट्रीट फायटर टूपासून, साल 1991. त्याआधी 1987 मध्ये पहिला स्ट्रीट फायटर आला होता. त्याच्या एका मशीनवर सहा बटणांऐवजी दोन मोठे रबरी गोळे होते. जितक्या जोरात मुठीने हाणाल तितक्या जोरात पडद्यावरचा गडी हाणणार. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की गोळे टिकेनात, मग कंपनीने हलका, मध्यम, जड अशी तीन बटणं ठोशाला आणि तीन लाथेला दिली. सहा बटणांचा जो पाढा आजही प्रत्येक स्ट्रीट फायटरमध्ये आहे, तो असा मशीन वाचवण्याच्या धडपडीतून आला. पब्लिक काय करू शकतं हे जपान असो की घाटकोपर, पार्लरवाल्याला पहिलं कळतं.

मला हे सगळं आतून कळलं ते आयटीआय झाल्यावर. मी ज्या उस्तादांच्या हाताखाली लागलो ते कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या पार्लरांची मशीन बघायचे. मी पिशवी धरायचो. पिशवीत सोल्डर, मल्टिमीटर, स्प्रिंगा, आणि मायक्रोस्विचची पुडी. तक्रार दहात आठ वेळा एकच: ‘हँडल मारत नाही.’

हँडल उघडून बघितलंय कोणी? वर गोळा, त्यातून खाली उतरणारी लोखंडी दांडी, दांडीला मधे स्प्रिंग, आणि तळाशी चार बाजूंना चार मायक्रोस्विच. दांडी डावीकडे कलली की खालचं टोक उजवीकडचा स्विच दाबतं. वर-खालीही तसंच उलटं. तिरक्या दिशेसाठी वेगळा स्विच नाही. शेजारचे दोन एकदम दाबले गेले तरच तिरकं. स्ट्रीट फायटरमधल्या रियूचा हातातून सुटणारा गोळा, ज्याला आमच्याकडे ‘आडुकेन’ म्हणत, तो काढायचा म्हणजे खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा. त्यातलं मधलं ‘खाली-पुढे’ हे दोन्ही स्विच एकत्र लागण्यावर अवलंबून. एक स्विच जरी मान टाकू लागला की गोळा सुटत नाही, नुसता ठोसा पडतो, आणि पोरं मशीनला लाथ घालतात. तळाला एक पट्टी असते, दांडीने किती कलायचं ते ठरवणारी. सानवा या जपानी कंपनीच्या हँडलमध्ये ती चौकोनी असते, त्यामुळे दांडी कोपऱ्यात नेमकी जाऊन बसते आणि तिरकं हमखास लागतं. आमच्याकडच्या बऱ्याच हँडलांना पट्टी म्हणजे पत्र्याला पाडलेलं गोल भोक. कोपरा लागत नसे, अंदाज लागे. तो अंदाज ज्याच्या मनगटात बसला, तो गल्लीचा उस्ताद.

पावसाळ्यात प्लाय फुगायचं, स्क्रू सैल व्हायचे, स्विचच्या पट्ट्या गंजायच्या. त्यामुळे प्रत्येक मशीनची प्रत्येक बाजू वेगळी. एका पार्लरात दोन नंबरच्या बाजूचं ‘मागे’ कच्चं होतं. मागे दाबून धरल्याशिवाय मार अडवता येत नाही, म्हणजे त्या बाजूला उभा राहणारा आधीच अर्धा मेलेला. नवखा कोणी आला की जुने खेळाडू त्याला मोठ्या आदराने तीच बाजू द्यायचे. पैशाची पैज लागली असेल तर मात्र आधी बाजूसाठी छापा-काटा.

आता एक गोष्ट जी मला कुठे नीट लिहिलेली सापडली नाही, पण धंद्यातल्या माणसाला चटकन पटेल. आपल्याकडे, म्हणजे मुंबईत आणि तसं पाहिलं तर देशभरात, पार्लरवर राज्य केलं ते स्ट्रीट फायटरने नाही, किंग ऑफ फायटर्सने; त्यातही 1997 सालच्या भागाने. इओरी आणि क्यो ही नावं ज्याला माहीत नाहीत असा त्या वयाचा मुंबईकर मला क्वचित भेटलाय. लोक सांगतात, गेम भारी होता म्हणून. भारी होताच. पण पार्लरवाला शेठ गेमचं भारीपण बघत नाही, वायर आणि गल्ला बघतो.

वायरीचं असं. 1985 मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची एक पद्धत ठरवली. बोर्डाच्या कडेला 56 टोकांचं एकच कनेक्टर, म्हणजे एक बोर्ड काढायचा, दुसरा खोचायचा, मशीन तेच. पण त्या पद्धतीत एका खेळाडूला बटणं तीन. स्ट्रीट फायटर टूला हवीत सहा. म्हणजे जादा तीन बटणांसाठी वेगळी वायरिंग, पॅनेलला आणखी भोकं, आणि गेम बदलला की ती तिन्ही बटणं बेकार. एसएनके कंपनीच्या निओ जिओ मशीनला चार बटणांत सगळं भागतं, आणि आतलं कार्ट्रिज बदललं की नवा गेम. दोन ठोसे, दोन लाथा. पंधरवड्याला दुरुस्तीला येणाऱ्या आमच्यासारख्यांचे पैसे मोजणाऱ्या शेठला चार आणि सहा यातला फरक फार मोठा. गल्ल्याचं गणित गिऱ्हाइकाच्या बाजूने. किंग ऑफ फायटर्समध्ये एका कॉइनला तीन गडी मिळतात. पहिला मेला की दुसरा उतरतो, मग तिसरा. रुपया तोच, उभं राहायला मिळतं जास्त. ज्याच्या खिशात दिवसाचा एकच रुपया आहे तो हिशेब बरोबर करतो. मुस्तफा म्हणून जो गेम प्रसिद्ध होता, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, 1993 चा, त्यालाही दोनच बटणं लागत. घाटकोपरच्या आवडीनिवडीवर मला वाटतं बटणांच्या संख्येचं राज्य होतं.

आणि म्हणूनच आमचे हात हँडलवर घडले. किंग ऑफ फायटर्समध्ये बटणं कमी, पण दांड्याचं काम जास्त. इओरीची ती मोठी झडप आठवा. खाली, खाली-पुढे, पुढे, तिथून परत खालून अर्धवर्तुळ मागे, आणि ठोसा. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. अंगठ्याने हे करून बघा. मनगटाने करून बघा. मनगट ते एका झटक्यात करतं.

अंगठ्याचा इतिहास वेगळा आहे, आणि तोही हुशारीचाच. निन्टेंडोमध्ये गुनपेई योकोई नावाचे इंजिनिअर होते. 1982 मध्ये डाँकी काँगचा घडी घालून खिशात ठेवायचा गेम त्यांना बनवायचा होता. घडी मिटायची तर दांडा आड येणार. म्हणून त्यांनी अधिकच्या चिन्हाची सपाट बटणपट्टी काढली. पुढच्या वर्षी, 1983 च्या जुलैत, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या पॅडवर ती आली आणि मग जगभर गेली. आपल्याकडे पोचली ती फॅमिकॉमच्या नकलांतून. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं वाचूनच काहींना पिवळी कार्ट्रिजं आणि त्यांच्यावर छापलेले लाखो गेमांचे खोटे आकडे आठवतील. या यंत्रांवर स्ट्रीट फायटरच्या चोरट्या आवृत्त्याही आल्या. गंमत ही की त्या रिमोटला मारायची बटणं दोनच, ए आणि बी. सहा बटणांचा गेम दोन बटणांत कोंबलेला. तरी पोरं खेळली. डाव्या अंगठ्याच्या टोकाला फोड यायचा, तो फुटायचा, त्यावर बँडेज लावून पुन्हा खेळायची.

रिमोटच्या पोटात स्विच नसतात, रबर असतं. प्रत्येक बटणाखाली रबराची वाटी आणि वाटीच्या तळाला कार्बनची काळी टिकली. टिकली बोर्डाला टेकली की काम झालं. ती झिजली की बटण मरतं. त्यावर आमचा इलाज म्हणजे आधी स्पिरिटने पुसायचं, नाही भागलं तर पेन्सिलचं शिसं घासायचं, तेही नाही चाललं तर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी चकती कापून चिकटवायची. हँडलच्या मानाने दुरुस्ती स्वस्त. पण रबर मेलं तर ते हळूहळू मरतं, खेळणाऱ्याला कळतही नाही की आपण हरतोय ते का. मायक्रोस्विच ‘टक्’ करतो. लागला की लागला, नाही तर नाही. स्टिकवाले लोक आजही त्या आवाजावर जीव टाकतात, आणि मला ते पूर्ण समजतं.

पार्लर बंद का पडली? पोलीस, असं सगळे सांगतात. पोलीस होतेच. सार्वजनिक करमणुकीच्या जागेला परवाना लागतो, शाळेच्या वेळेत पोरं आत दिसली की मालकाला उठवून नेत, वर करमणूक कर. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात व्हिडिओ गेमच्या जागांवर परवान्याचं बंधन घालणं योग्य ठरवलं. त्या खटल्यात जुगाराकडे झुकणारी यंत्रं हा मुख्य मुद्दा होता, पण ठप्पा सगळ्यांवर बसला. आमच्या मुस्तफाला आणि आकडे लावायच्या मशीनला हवालदार एकाच नजरेने बघायचा. तरीही माझं मत विचाराल तर पार्लर मारली ती जागेच्या भाड्याने आणि टेक्कन थ्रीने.

टेक्कन थ्री मशीनवर 1997 ला आला आणि घरच्या प्लेस्टेशनवर 1998 ला. मशीनच्या जवळपास तोडीचा. चार बटणं म्हणजे दोन हात, दोन पाय. पॅडवर उजव्या अंगठ्याखाली नेमकी चारच बटणं. अर्धवर्तुळं फार नाहीत. म्हणजे दांड्याची गरजच संपली. दक्षिण मुंबईतल्या बाजारांतून चिप बसवलेली प्लेस्टेशन आली, कोऱ्या सीडीवर उतरवलेले गेम आले, आणि ज्याच्याकडे एक टीव्ही आणि एक बाकडं आहे तो तासाच्या भावाने धंदा करू लागला. खोकं नको, सुतार नको, आमच्यासारखा पिशवीवाला नको. उस्तादांनी त्या वर्षांत सीडी प्लेअरची लेन्स साफ करायला शिकून घेतलं. मीही.

मग सायबर कॅफे. तिथे संगणकावर निओरेजेक्ससारखे इम्युलेटर टाकून तोच किंग ऑफ फायटर्स कीबोर्डवर चालायचा. एका कीबोर्डवर दोघे, खांद्याला खांदा लावून. एकाची बाणांची बटणं, दुसऱ्याची डावीकडची अक्षरं. जास्त बटणं एकदम दाबली तर कीबोर्ड काही ऐकायचाच नाही, त्यावरून भांडणं. या पिढीला हँडलवाले हसायचे. पण आज जगातले मोठमोठे खेळाडू ज्याकडे वळलेत ते काय आहे? दांडा नसलेली स्टिक. चार दिशांना चार बटणं, सगळी बोटांनी. इंग्रजी पोरं त्याला लेव्हरलेस म्हणतात. डाइगो उमेहारासारखा हँडलवर वाढलेला जपानी बुजुर्गही बटणांकडे गेला. 2019 मध्ये त्याच्या एका बटणपेटीला कॅपकॉमच्या स्पर्धेत बंदी आली होती. डावं-उजवं एकदम दाबलं तर काय मानायचं, याचे नियम करावे लागले. आमच्या सायबरमधला तो भांडणाचा मुद्दा आता जागतिक नियमावलीत आहे.

मोठ्या स्पर्धांचा इतिहास बघितला तर दांडा की पॅड हा वाद मैदानात कधीच सुटल्यासारखा दिसतो. अमेरिकेतली इव्हो ही सर्वांत नावाजलेली स्पर्धा 2004 मध्ये आर्केड मशीनवरून घरच्या कन्सोलवर गेली. बरेच जुने खेळाडू नाराज झाले. त्याच वर्षी तिथे स्ट्रीट फायटरच्या सामन्यात डाइगोने जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या पंधरा लाथा एकेक करून परतवल्या. ती चकमक आजही लोक बघतात. पुढे 2014 मध्ये लुफी नावाच्या फ्रेंच खेळाडूने त्याच इव्होत अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर जिंकला, आणि तोही पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. म्हणजे आमच्या दुकानात पेटीच्या तळाशी पडलेला असतो तसल्या पॅडवर. सीमेपलीकडे लाहोरचा अर्सलान ॲश 2019 मध्ये एकाच वर्षात इव्हो जपान आणि इव्हो दोन्ही ठिकाणी टेक्कन सेव्हन जिंकला. तो घडला तो लाहोरच्या गेम पार्लरांत. आपल्याकडची पार्लर तोवर मोबाइल रिचार्जची दुकानं झाली होती. हे मला चांगलंच लागलं, आणि लागायला हवं.

आपल्याकडे 2022 च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाकडे आले. पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर फाइव्ह हा पदकाचा खेळ होता, आणि मयंक प्रजापती व अयान बिस्वास भारतातर्फे उतरले. सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वूला मिळालं, वय 44. हे वय मी दुकानात मुद्दाम सांगतो. ज्या गोष्टीसाठी पार्लरच्या पडद्यामागून कान धरून घरी नेलं जायचं, तिच्यासाठी आता सरकार तिकीट काढून देतं.

घाटकोपरात आता हँडल कुठे मिळेल? 2009 मध्ये एलबीएस मार्गावर आर सिटी मॉल आला, पूर्वेच्या ओडियन थिएटरच्या जागीही मॉल उभा राहिला. मॉलमधले गेम झोन म्हणजे गाड्या, बंदुका आणि तिकिटं गोळा करून मिळणारा टेडी. समोरासमोर उभं राहून कोणाला हरवायचं मशीन शोधावं लागतं. म्हणजे आज स्टिक घेणारा पोरगा पार्लरची वस्तू घरात नेतोय, तीही एकट्याने खेळायला. म्हणून मी त्याला आधी विचारतो, तुझा हात कशावर बसलाय? बहुतेकांचा पॅडवरच बसलेला असतो.

तेव्हा सांगतो ते असं. नवा असशील तर पॅडच घे, जो कन्सोलबरोबर आलाय तोच. सोनीचा पॅड सहा हजारांच्या आसपास येतो, बरी स्टिक त्याच्या तिप्पट-चौपट. तेवढ्याने खेळ सुधारत नाही. स्ट्रीट फायटर सिक्समध्ये एका बटणावर गोळा सोडायची सोयही दिलीय, ती वापरायला लाजू नकोस. कीबोर्डवर वाढलेला असशील तर बिनदांड्याची बटणपेटी बघ, तुझी बोटं आधीच तयार आहेत. स्टिक घ्यायची ती फक्त दोघांनी. एक, ज्याचं मनगट पार्लरमध्ये तयार झालंय. दोन, ज्याला नुसता तो ‘टक्’ आवाज हवाय आणि पैसे आहेत. घेतलीच तर सानवाचे पार्ट बसतील अशी घे, म्हणजे स्विच गेला तर अख्खी पेटी फेकावी लागणार नाही. आणि पॅडचं बटण मरायला लागलं तर लगेच नवीन घेऊ नकोस, आधी उघडून रबर पुसून बघ.